पिशवीतली बाटली

मे महिन्यात आमच्या घरी आलेला माणूस रिकाम्या हाताने परत गेला, असं कधी झालं नाही. मुंबईचे चाकरमानी असोत, नणंदेच्या सासरचे असोत की देवदर्शनाला आलेलं कुणी ओळखीचं असो, निघताना सासूबाई त्यांच्या पिशवीत आगळाची एक बाटली ठेवायच्याच. बाटली कुठल्या तरी जुन्या सरबताची, तोंडाला प्लास्टिकचा तुकडा आणि त्यावर रबर. सोबत कागदात बांधलेली सोलं. मी 1999 साली लग्न होऊन मालवण तालुक्यात आले तेव्हा हे पाहिलं आणि पुढची आठ वर्षं मीही तेच करत राहिले. 2007 च्या मे महिन्यात मी पहिल्यांदा म्हटलं, यंदा थोडं आगळ आणि अमृत कोकम विकून बघूया. सासूबाईंनी हातातला रातांबा खाली ठेवला. "आगळ खंय विकतत गो? तां लोकांका देवचां आसता."

हे वाक्य पुढे इतकी वर्षं माझ्याबरोबर राहिलं. धंद्यात मला जे जे जड गेलं, ते शेवटी याच वाक्यापाशी येऊन थांबायचं.

विकायचं कशाला, याला कारण साधं होतं. यांची रिक्षा. मालवणात रिक्षा चालते ती पर्यटकांवर. दिवाळी, नाताळ, मे महिना. मेअखेर सिंधुदुर्ग किल्ल्यावर जाणाऱ्या होड्या बंद होतात, तारकर्ली-देवबागच्या खोल्या रिकाम्या होतात आणि मग चार महिने रिक्षा दारात उभी. मुलं दोन, शाळेची फी जूनमध्ये. आणि घरामागे रातांब्याची, म्हणजे कोकमाची, सतरा झाडं. त्यांतलं निम्मं फळ दरवर्षी झाडाखाली कुजायचं. मेअखेरीचा पाऊस आला की झाडाखाली लाल चिखल व्हायचा आणि त्यावर चिलटं. ते बघून माझा जीव तुटायचा.

रातांब्याचं काम ज्यांनी केलेलं नाही त्यांना सांगते. फळ झाडावर पूर्ण लाल-काळं व्हावं लागतं, अर्धवट पिकलेलं चालत नाही. मग ते धुऊन, पुसून, हाताने दाबून फोडायचं. आतला गर आणि बिया एकीकडे, सालं दुसरीकडे. गराच्या रसात मीठ घालून आगळ. त्याच खारट रसात सालं बुडवायची, उन्हात घालायची, परत बुडवायची, परत उन्हात. अशी पुटं देत देत सोलं तयार होतात. सालांच्या वाट्यांत साखर भरून बरणीत थर लावले आणि बरणी आठवडाभर उन्हात ठेवली की अमृत कोकम. बियांचं तेल निघतं, ते हिवाळ्यात टाचांना. फळातलं टाकायचं असं काही नाही. पण हे सगळं एप्रिलअखेर ते पहिल्या पावसापर्यंतच्या पाचेक आठवड्यांत उरकायचं असतं, आणि नेमक्या त्याच दिवसांत घर पाहुण्यांनी भरलेलं. हाताची लाली जुलै उजाडला तरी नखांत असते.

पहिल्या वर्षी चाळीस बाटल्या भरल्या. वीस आगळ, वीस अमृत कोकम. बाजारपेठेतल्या एका दुकानदाराने "ठेवून जा, खपलं तर पैसे" म्हणून ठेवून घेतल्या. बाटल्या सारख्याच, झाकणं सारखीच. लेबल म्हणजे मुलाच्या वहीचा कागद, त्यावर माझ्या अक्षरात नाव आणि शेजाऱ्यांकडचा फोन नंबर. पंधरा दिवसांत सगळ्या खपल्या. मला वाटलं, जमलं.

जून संपताना शेजाऱ्यांकडे फोन आला. पुण्याच्या एक बाई होत्या. संतापलेल्या. "तुमचं सरबत खारट आहे. मुलाच्या वाढदिवसाला पंधरा मुलांना दिलं, एकानेही घोट गिळला नाही. लोकांना फसवता का?" मी बराच वेळ गप्प होते. त्यांनी आगळ नेलं होतं आणि त्यात पाणी-साखर घालून सरबत केलं होतं. त्यांची काय चूक? मालवणात जेवताना त्यांनी सोलकढी प्यायली, ती आवडली, दुकानात लाल बाटली दिसली, घेतली. आगळ म्हणजे काय, ते खारट का, त्यात नारळाचा रस कुणी घालायचा, हे बाटलीवर कुठेच नव्हतं. मला ते लिहावंसंही वाटलं नव्हतं, कारण माझ्या भोवतालच्या एकाही माणसाला ते सांगावं लागत नव्हतं.

त्या बाईंना मी दुसरी बाटली मोफत पाठवते म्हटलं. त्या नको म्हणाल्या. मग मी विचारलं, एक नारळ आहे का घरात? आणि फोनवर सोलकढी सांगितली. नारळ खवून कोमट पाण्यात वाटायचा, पिळून रस काढायचा, त्यात आगळ चार चमचे, आधी तीन घालून चाखायचं, वर मीठ अजिबात घालायचं नाही, लसणाची एक पाकळी आणि हिरवी मिरची ठेचून, कोथिंबीर. संध्याकाळी त्यांचा परत फोन. या वेळी आवाज वेगळा होता. पुढच्या मे महिन्यात त्यांनी सहा बाटल्या मागवल्या, आणि त्या आजही आमच्या गिऱ्हाईक आहेत.

विक्रीबद्दल मी जे काही शिकले त्यातलं निम्मं त्या एका दिवसात शिकले. पुढच्या वर्षीपासून आगळाला हिरवं झाकण, अमृत कोकमला लाल. आगळाच्या लेबलवर नावाइतक्याच मोठ्या अक्षरात "हे सरबत नाही, यात साखर नाही, सोलकढीसाठी". मागच्या बाजूला कृती. पर्यटक पहिली बाटली कौतुकाने घेतो, मालवणची आठवण म्हणून घेतो. ती घरी जाऊन फ्रिजच्या दारात उभी राहिली आणि सहा महिन्यांनी मोरीत ओतली गेली, तर दुसरी कधीच घेत नाही. आमचा धंदा चालतो तो दुसऱ्या बाटलीवर.

चार वर्षं अशी गेली. बाटल्या वाढल्या, हजाराच्या घरात गेल्या. वाडीतल्या दोघी कामाला यायला लागल्या. सगळे म्हणायचे, छान चाललंय. पण ऑगस्टमध्ये मुलांच्या वह्यांना पैसे नसायचे. मला ते कोडं सुटेना. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रात एक प्रशिक्षण होतं, तिथे गेले. शिकवणाऱ्या सरांनी प्रत्येकीला आपापल्या मालाचा हिशेब फळ्यावर मांडायला लावला. माझा हिशेब अजून वहीत आहे. अमृत कोकमची एक बाटली. साखर 18 रुपये, रातांबे 6, बाटली 8, झाकण आणि लेबल 3, खोका आणि टेम्पो 5. एकूण 40. दुकानदाराला मी देत होते 45 ला, तो विकत होता 60 ला. म्हणजे मला 5 रुपये सुटत होते. हजार बाटल्यांचे पाच हजार. मी समाधानाने खडू खाली ठेवला.

सरांनी विचारलं, मजुरी कुठे आहे? मी म्हटलं, त्या दोघींना मी आगळाच्या विक्रीतून देते, आणि बाकी घरचीच माणसं. ते म्हणाले, घरची माणसं जेवत नाहीत का? मग त्यांनी माझ्याकडूनच काढून घेतलं. फोडणं, भरणं, ढवळणं, गाळणं, बाटल्या धुणं. तीन बायका दिवसभर राबल्या तर चाळीस बाटल्या होतात. तेव्हाच्या दीडशे रुपये रोजाने साडेचारशे. बाटलीमागे 11 रुपये. 40 आणि 11 झाले 51, आणि मी विकत होते 45 ला. दर बाटलीला सहा रुपये मी आणि सासूबाई पदरचे घालत होतो. जेवढ्या जास्त बाटल्या, तेवढा जास्त खड्डा.

त्या रात्री मला झोप लागली नाही. तोट्याचं वाईट वाटलंच, पण जास्त लागलं ते हे, की चार वर्षं मी सासूबाईंच्या मेहनतीची किंमत शून्य धरली होती. सत्तरीतली बाई, उन्हात बसून रातांबे फोडते, आणि माझ्या वहीत तिचं नावही नाही. मी दर कमी का ठेवला होता? खरं सांगायचं तर मला मागायला लाज वाटत होती. जे आजवर पिशवीत फुकट टाकलं त्याचे साठ रुपयेसुद्धा मला जास्त वाटत होते.

पुढच्या वर्षी 60 ची बाटली 85 ला केली. दोन दुकानं सुटली. एक दुकानदार म्हणाला, "वहिनी, घरच्या झाडाचं फळ, तुम्हाला काय खर्च आहे?" मी त्याला तो वहीतला हिशेब दाखवला. त्याला पटला नाही. पण जी दुकानं राहिली त्यांच्याकडे खप फारसा घटला नाही, आणि त्या वर्षी पहिल्यांदा मी सासूबाईंच्या हातात रोजाचे पैसे ठेवले. त्यांनी ते मोजले नाहीत. देवासमोर ठेवले आणि मग ट्रंकेत. आठवड्याने म्हणाल्या, त्यांना स्वतःच्या पैशाने आंगणेवाडीच्या जत्रेला जायचंय. त्यांची सगळी हयात आंगणेवाडीच्या इतक्या जवळ गेली आणि तिथल्या भराडीदेवीची ओटी त्यांनी आजवर कुणीतरी दिलेल्या पैशानेच भरली होती.

चुका पुढेही झाल्याच. एक सांगितलीच पाहिजे, कारण ती माझ्या हाताने झाली. मुंबईच्या प्रदर्शनात दहातली आठ माणसं म्हणायची, "फार गोड आहे हो, साखर कमी करा." गिऱ्हाईक मागतंय ते द्यावं म्हणून मी पुढच्या हंगामात साखर जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी केली आणि लेबलवर अभिमानाने "कमी गोड" छापलं. सप्टेंबरमध्ये एका दुकानातून फोन आला की झाकणं फुगलीत. दोन दिवसांनी दुसरा फोन, रात्री दुकानात बाटली फुटली, शेजारचे पोहे-पापड भिजले. अमृत कोकम टिकतं ते साखरेवर. विरघळलेल्या घटकांचं प्रमाण 65 टक्क्यांच्या खाली गेलं की ते आंबायला लागतं. सासूबाईंना हा आकडा माहीत नव्हता, पण बोटावर पाक घेऊन त्या चिकटपणा बघायच्या आणि त्या हंगामात दोनदा म्हणाल्या होत्या की "ह्यां पातळ झालां". मी ऐकलं नाही.

तीनशेच्या वर बाटल्या परत मागवल्या. ज्या विकल्या गेल्या होत्या त्यांचे पैसेही परत दिले. त्या वर्षीची कमाई त्यात गेली. यांनी एकदाही बोल लावला नाही, रिक्षातून खोकी आणून आणून पडवीत लावत राहिले. त्यानंतर रिफ्रॅक्टोमीटर घेतला. काचेवर पाकाचा एक थेंब, डोळ्याला लावायचं, आकडा दिसतो. आता प्रत्येक बरणीचा आकडा वहीत जातो. आणि "कमी गोड" मागणाऱ्याला मी सांगते, पाणी जास्त घाला, नाहीतर आगळ घेऊन घरी हवी तेवढी साखर घाला. ऐकतात लोक. कारण नीट सांगितलं तर ऐकतात.

उधारीवर मी फार लिहिणार नाही. मुंबईच्या एका व्यापाऱ्याने पहिल्यांदा दहा खोकी रोखीने नेली, दुसऱ्यांदा वीस, तिसऱ्यांदा साठ खोकी उधारीवर, आणि मग फोन उचलणं बंद. मी रातराणीने दोनदा जाऊन आले. दुकानाला दुसऱ्याच नावाची पाटी होती. पण त्याहून जास्त मनस्ताप दिला तो ओळखीच्यांच्या उधारीने. हॉटेलवाले पाच लिटरचे कॅन नेतात, हंगामात देतो म्हणतात, हंगाम संपला की गिऱ्हाईक कुठे आहे म्हणतात. त्यांचंही खोटं नसतं, पावसाळा त्यांनाही काढायचा असतो. पण मी मागायला गेले की दोघांनाही अवघडल्यासारखं व्हायचं आणि मी चहा पिऊन परत यायचे. शेवटी एक नियम केला. आधीच्या कॅनचे पैसे आले की पुढचा कॅन. सगळ्यांना एकच नियम, नात्यातल्यांनाही. वर्षभर काहीजण फुगून बसले, नंतर रुळले.

कागदपत्रांचं म्हणाल तर 2012 मध्ये अन्न परवान्याची नोंदणी केली. बारा लाखांच्या आतल्या उलाढालीला तेव्हा वर्षाला शंभर रुपये फी होती. लेबलवर तो चौदा आकडी नंबर पहिल्यांदा छापून आला त्या दिवशी मी ते लेबल वहीत चिकटवून ठेवलं. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्याने लगेच दर वाढला असं नाही, पण शहरातला माणूस थांबून विचारायला लागला की इथल्या कोकमात वेगळं काय. आणि विचारणारा माणूस समोर उभा राहिला की अर्धं काम झालेलं असतं.

विचारण्यावरून आठवलं. प्रदर्शनांत स्टॉल लावायला लागल्यापासून मी एक गोष्ट केली, बहुतेक 2013 पासून. बाटली घेणाऱ्याला म्हणायचे, नाव आणि फोन लिहून जा, कृतीत काही अडलं तर मी सांगेन. शेजारच्या स्टॉलवरच्या बायका म्हणायच्या, गर्दीत वेळ घालवतेस. वहीत सात वर्षांत दीड हजारांच्या आसपास नावं जमली. काहींपुढे मी खुणा केल्या होत्या. "आजींना डायबिटीस, फक्त आगळ." "सोलकढी फाटते म्हणाल्या, रस गरम घेत होत्या." "दरवर्षी गणपतीत चार." या वहीचं काय करायचं हे मला माहीत नव्हतं. फक्त त्यांना कुणी विसरू नये एवढंच वाटायचं.

मग 2020 चा मार्च आला, कोरोनाची टाळेबंदी लागली. जेटीवर शुकशुकाट, दुकानं बंद, हॉटेलं बंद. आदल्या हंगामातल्या आठशे बाटल्या पडवीत, आणि झाडांवर नवं फळ लाल व्हायला लागलेलं. कामावरच्या बायका दाराशी येऊन विचारत होत्या, यंदा रातांबे फोडायचे की नाही? मी वही काढली. रोज वीस-पंचवीस फोन करायचे. विकण्यासाठी म्हणून केले नाहीत सुरुवातीला, कसे आहात एवढंच विचारायला. लोक घरात कोंडलेले, आणि मालवणहून फोन आला म्हणून किती जणांचे आवाज भरून आले. त्या उन्हाळ्यात हापूसवाले बागायतदार पेट्या थेट मुंबई-पुण्याच्या सोसायट्यांत पोचवायला लागले होते. आमच्या ओळखीच्या एकाच्या टेम्पोत आंब्याच्या पेट्यांच्या मधल्या फटीत आमची खोकी जायला लागली. जूनपर्यंत पडवी रिकामी झाली. दुकानदाराची टक्केवारी नाही, उधारी नाही, पैसे फोनवर आधी. मला आजही त्या यशाचा आनंद मोकळेपणाने सांगता येत नाही, कारण तो काळच तसा होता. पण त्या वर्षी वाडीतल्या सहा घरांत रातांब्याचा रोज गेला, हे खरं आहे.

पुढच्या वर्षी, 16 मे 2021, रविवार. तौक्ते चक्रीवादळ. ऐन हंगाम, बरण्या भरलेल्या. सकाळपासून वारा असा होता की माड जमिनीला टेकतील असं वाटत होतं. शेडचे पत्रे एकामागून एक उडाले, सोलं वाळत घातलेली ताडपत्री कुठे गेली ते कळलंच नाही, सतरातली पाच झाडं मुळासकट आडवी. मग कितीतरी दिवस वीज नाही, फोनला रेंज नाही, विहिरीवरचा पंप बंद. साखरेच्या बरण्यांत पावसाचं पाणी गेलं, ते सगळं ओतून टाकलं. आगळाची पिंपं मात्र घट्ट बंद होती. झाकण काढून सासूबाईंनी बोट बुडवून चाखलं आणि मान हलवली. मिठाने धरून ठेवलं होतं.

फोन सुरू झाला तेव्हा वहीतल्या माणसांचे निरोप होते. त्यात त्या पुण्याच्या बाई होत्या, वाढदिवसाचं सरबत खारट झालेल्या. त्यांनी काही न विचारता पैसे पाठवले होते. मी फोन करून म्हटलं, यंदा अमृत कोकम नाहीच. त्या म्हणाल्या, मला ठाऊक आहे, हे पत्र्यांचे. मला त्यांना काय उत्तर द्यावं सुचेना. मी हिशेबाच्या वहीत ती रक्कम जमेला लिहिली आणि पुढे काय लिहावं म्हणून पेन धरून बसले. ना विक्री, ना उधारी, ना कर्ज. शेवटी त्यांचं नाव लिहिलं आणि पुढची जागा मोकळी ठेवली.

सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. रातांबे फोडायला बसत नाहीत, पण मे महिन्यात कुणी घरी आलं की काठी टेकत पडवीत जातात आणि निघणाऱ्याच्या पिशवीत एक बाटली ठेवतात. आता ती सील केलेली, हिरव्या झाकणाची, लेबलवर छापील किमतीची असते. त्या किंमत बघत नाहीत. पूर्वी मी न बोलता तो तोटा धरायचे. पत्र्यांचे पैसे आले त्या वर्षापासून वहीत एक वेगळा रकाना आखलाय, त्यावर "आईंच्या हातचं" असं लिहिलंय. बाटल्या, तारीख, कुणाला. बाटलीचा खर्च काढताना हा रकाना मी मजुरीच्या खालीच धरते. यंदा मेअखेर त्यात एकतीस बाटल्या झाल्या. मी आकडा वाचून दाखवला, तर त्या म्हणाल्या, बत्तीस. सकाळी पोस्टमन आला होता.